एका स्क्रूची निवड : जोडणीच्या फर्निचरची दुरुस्ती

या टेबलावर आम्ही मूठभर स्क्रू पसरून ठेवले आहेत. मागच्या रांगेतून ते सगळे सारखेच दिसत असतील, आणि आजच्या बोलण्याचं मूळ तिथंच आहे. घर बदलताना कपाट सुटं करतात, टेम्पोतून नेतात, आणि नव्या घरी पिशवी उघडली की चार स्क्रू कमी भरतात. मग कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन आपण बोटांनी माप दाखवतो, "साधारण एवढा द्या." दुकानदारही साधारण तेवढाच देतो. तो लागतो, दोन महिने टिकतोही. मग दार लोंबकळायला लागतं, भोकातून भुसा गळायला लागतो, आणि "हल्लीचं फर्निचर असलंच" असं म्हणून चांगलं कपाट घराबाहेर जातं. पुष्कळदा कपाटात काही बिघडलेलं नसतं. स्क्रू चुकीचा असतो.

स्क्रू निवडायचा तर तो कशात बसणार आहे ते आधी कळलं पाहिजे. आपल्याकडच्या सुतारकामाची सगळी शहाणपणाची परंपरा सागवान, शिसम, फार तर प्लायवूड यांच्यावर उभी आहे. खोक्यातून सुटं येणारं, घरी जोडायचं फर्निचर बहुतांशी पार्टिकल बोर्डाचं किंवा एमडीएफचं असतं. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाच्या कपच्या आणि भुसा, त्यात राळेचा गोंद, वरून उष्णता आणि दाब. उसाच्या चिपाडापासूनही असे बोर्ड बनतात. ही एक कापलेली फळी आहे, पुढे फिरवा. तिची कड नीट बघा. वरखाली बारीक, घट्ट थर दिसतील आणि मधे जाड कपच्यांचा विरळ थर. नखानं मधे खरवडलं तर कण सुटतात, वरच्या थरात नख रुतत नाही.

खऱ्या लाकडात लांब तंतू असतात. स्क्रू आत शिरला की ते तंतू त्याच्या आट्यांत अडकतात, थोडे वाकतात आणि धरून ठेवतात. बोर्डात असे लांब तंतू नाहीत. तिथे पकड फक्त कपच्यांच्या एकमेकींना चिकटून राहण्यावर असते. एकदा आटा सरकून कपच्या पिठासारख्या झाल्या की त्या पुन्हा जागेवर येत नाहीत. म्हणून लाकडात तोच स्क्रू पाच वेळा काढला-घातला तरी चालतो आणि बोर्डात तिसऱ्या वेळेलाच तो फिरत राहतो. शिवाय फळीच्या सपाट बाजूत मिळणारी पकड तिच्या कडेत मिळत नाही, कारण कडेतून जाणारा स्क्रू नेमका त्या विरळ थरातून जातो. आणि कपाटाचे मुख्य सांधे असतात कुठे? कडेतच.

यावरून बोर्डासाठीचा स्क्रू कसा हवा ते आपोआप ठरतं. मधला दांडा बारीक, आटे उंच आणि एकमेकांपासून लांब, म्हणजे दोन आट्यांच्या मधे जास्तीत जास्त बोर्ड शाबूत राहतो. आटे टोकापासून डोक्यापर्यंत. हा बघा जुन्या पद्धतीचा लाकडाचा स्क्रू. वरचा साधारण एक तृतीयांश भाग गुळगुळीत, खाली निमुळता, आटे बुटके. सागवानात याच्यासारखा स्क्रू नाही, पण बोर्डात हा पाचरीसारखा घुसतो आणि कड फोडतो. दुकानात "चिपबोर्ड स्क्रू" मागा. तो शब्द कळला नाही तर नमुना दाखवा आणि आटे डोक्यापर्यंत आहेत ना, एवढं तपासा.

आता मोजमाप. स्क्रूची चार मापं लागतात : जाडी, लांबी, डोक्याचा आकार आणि डोक्यावरची खाच. जाडी मोजायची ती आट्यांच्या टोकापासून टोकापर्यंत, मधल्या दांड्याची नव्हे. साध्या फुटपट्टीनं हे जमत नाही. साडेतीन आणि चार मिलिमीटरमधला फरक डोळ्याला कळत नाही आणि बोर्डाला लगेच कळतो. प्लॅस्टिकचा स्वस्तातला व्हर्नियर कॅलिपर या कामाला पुरतो. लांबी मोजताना एक नियम लक्षात ठेवा. ज्याचं डोकं फळीत बुडतं, म्हणजे शंकूसारखं असतं, त्याची लांबी डोक्यासकट मोजतात. ज्याचं डोकं फळीच्या वर राहतं, गोल किंवा चपटं, त्याची लांबी डोक्याखालून मोजतात. हे न कळल्यामुळे दोन-तीन मिमीची गल्लत होते, आणि बोर्ड सोळा मिमीचा असेल तर तेवढ्यात स्क्रू पलीकडे निघतो.

आपल्या दुकानांत आणखी एक गोंधळ आहे. फर्निचर येतं मिलिमीटरमध्ये आणि गल्ल्यावर भाषा चालते इंचाची आणि नंबरची. "आठ नंबर दीड इंची" म्हणजे काय? नंबर हा जाडीचा. सहा नंबर म्हणजे जवळजवळ ३.५ मिमी, आठ नंबर म्हणजे सुमारे ४.२, दहा नंबर म्हणजे सुमारे ४.८. पाकिटावर "३५ × ८" असं असेल तर बहुधा ३५ मिमी लांब, आठ नंबर जाड. "३.५ × १६" असेल तर दोन्ही मिमी. म्हणजे एका पाकिटावर लांबी आधी, दुसऱ्यावर जाडी आधी. आकडा बघून समजेल एवढं अवघड ते नाही, पण घाईत फसायला होतं.

मूळ स्क्रू हरवला असेल तर? याला सोपं उत्तर आहे. जोडणीच्या फर्निचरमध्ये एकच सांधा एकदाच नसतो. डाव्या बाजूला जे आहे ते उजव्या बाजूला असतंच. त्या जोडीदार सांध्यातला एक स्क्रू काढा आणि तो नमुना म्हणून दुकानात न्या. अख्खी जोडीच गेली असेल तर भोक मोजायचं. ड्रिलच्या बिटांचा संच घ्या आणि बिटाची मागची गुळगुळीत दांडी भोकात घालून बघा. जी अलगद, पण न डुगडुगता बसते ती भोकाची जाडी. भोक पाच मिमीचं निघालं आणि फळीच्या आतल्या बाजूला अशा भोकांची ओळ ३२ मिमीच्या अंतरानं असेल, तर ती युरोपीय पद्धतीची रचना आहे. तिथे ६.३ मिमी जाडीचे, बोथट टोकाचे, बुटके स्क्रू लागतात. बिजागरीच्या पट्ट्या आणि ड्रॉवरचे चॅनेल त्यांनी बसवतात. दुकानात ते "युरो स्क्रू" म्हणून मिळतात. पाच मिमीच्या भोकात साधा चार मिमीचा स्क्रू घातला तर तो नुसता लटकतो, आणि हे फारच वारंवार दिसतं.

आता प्रत्येक जातीकडे बघू. सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही, कारण त्रास सगळ्यांचा सारखा नसतो.

हा जाडजूड, बोथट टोकाचा, डोक्याखाली गुळगुळीत मान असलेला स्क्रू म्हणजे कन्फर्मॅट. कपाटाच्या बाजूच्या फळीतून आडव्या फळीच्या कडेत जाणारा हा. सर्वांत प्रचलित माप ७ × ५०. डोक्यावर षटकोनी खाच, चार मिमीची एलन की लागते. काहींना फुलीची खाच असते. याची गंमत अशी की हा एकटाच सांधा ओढून धरतो आणि जागेवरही ठेवतो. गुळगुळीत मान बाहेरच्या फळीतल्या सात मिमीच्या भोकात घट्ट बसते, त्यामुळे फळ्या एकमेकींवर सरकत नाहीत. आटे कडेतल्या पाच मिमीच्या भोकात जातात. म्हणजे एकाच सरळ रेषेत दोन जाडीची भोकं. कन्फर्मॅट हरवला म्हणून त्या जागी साधा ५ × ५० चिपबोर्ड स्क्रू घातला तर काय होतं? कडेतल्या पाच मिमीच्या भोकात त्याला पकड नाही आणि बाहेरच्या सात मिमीच्या भोकात तो हलतो. कपाट उभं दिसतं, पण ढकललं की समांतरभुज चौकोन होतो. कन्फर्मॅटच्या जागी कन्फर्मॅटच. जर मूळ स्क्रू ६.३ मिमीचा असेल आणि भोक थोडं सैल झालं असेल, तर सातचा घालणं हा चांगला उपाय आहे. सातचाच सैल झाला असेल तर ७ × ७० मागा. अठरा मिमीची बाहेरची फळी वजा केली तर पन्नासचा स्क्रू कडेत ३२ मिमी जातो आणि सत्तरचा ५२. ते जास्तीचे वीस मिमी अजून कोणी छेडलेले नसतात, पकड तिथे मिळते. मात्र आधी पाच मिमीच्या बिटानं भोक तेवढं खोल करायलाच हवं. भोक न पाडता नुसता जोर लावला तर कड उभी चिरते, आणि चिरलेल्या कडेला आमच्याकडे तरी फारसं औषध नाही.

दुसरी जात कॅम लॉकची. जोडताना एका फळीत खिळ्यासारखा पिन पिळतो, तो दुसऱ्या फळीच्या कडेतून आत जातो आणि मग चकतीसारखा कॅम अर्ध्या वळणापेक्षा थोडा जास्त फिरवला की सांधा आवळला जातो. प्रचलित कॅम १५ मिमी व्यासाचे असतात. बदली कॅम आणताना व्यासाबरोबर त्याची उंचीही जुळली पाहिजे, कारण आतली खोबण पिनाच्या डोक्यासमोर आली तरच ती त्याला पकडते. पिनाच्या बाबतीत दोन गोष्टी बघायच्या. एक, त्याच्या मुळाशी लाकडाचे उंच आटे आहेत की मशीनचे बारीक आटे. बारीक असतील तर तो सरळ बोर्डात जात नाही, आधी बसवलेल्या प्लॅस्टिकच्या किंवा धातूच्या बुशमध्ये जातो. दोन, फळीच्या बाहेर त्याची मान किती येते. चोवीस मिमी आणि चौतीस मिमी अशा दोन मापांचे पिन सर्रास आढळतात आणि दिसायला सख्खे भाऊ वाटतात. दहा मिमीच्या फरकानं कॅम पिनाच्या डोक्यापर्यंत पोचतच नाही, किंवा पिन कॅमच्या भोकात पलीकडे टेकतो. म्हणून इथे सल्ला एकच : मोडका का होईना, नमुना खिशात घेऊन जा.

कॅम बहुतेक वेळा जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात. जास्त आवळले की ते मोडतात, किंवा कॅम शाबूत राहून भोवतालचा बोर्ड उखडतो. बोर्ड उखडला असेल तर तिथे कॅम पुन्हा बसवण्याचा खटाटोप करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. त्याच्या शेजारी, चार-पाच सेंटिमीटरवर, बाहेरून नवं भोक पाडून कन्फर्मॅट घाला. डोकं बाहेर दिसेल, त्यावर रंगाशी जुळणारी टोपी किंवा स्टिकर लावा. पाहुण्यांना दिसेल म्हणून काही जण नको म्हणतात. बाहेर दिसणारी टोपी आणि आत पडलेला कप्पा यांत काय निवडायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

बिजागरी. इथला स्क्रू सगळ्यात छोटा आणि कष्ट सगळ्यात जास्त, कारण दाराचं वजन दिवसातून दहा वेळा त्याला ओढतं. प्रचलित माप ३.५ × १६. पाऊण इंची म्हणून दुकानात जो मिळतो तो १९ मिमीचा. बिजागरीच्या पत्र्याची जाडी दोनेक मिमी धरली तर तो बोर्डात सतरा मिमी जाणार. सोळाच्या बोर्डातून टोक बाहेर येईल, अठराच्या बोर्डात आतून लॅमिनेटला फुगवटा येण्याची धास्ती. म्हणून इथे सोळाच. भोक किंचित सैल असेल तर त्याच लांबीचा ४ मिमी जाडीचा घेता येतो, पण त्याचं डोकंही मोठं असतं. ते पत्र्याच्या खळग्यात पूर्ण बुडलं नाही तर बिजागरीचा वरचा भाग नीट बसत नाही आणि दार बंद होताना अडतं. ड्रॉवरच्या चॅनेललाही हेच लागू. चॅनेलमधून आत सरकणाऱ्या पट्टीला जाड डोकं घासतं, मग ड्रॉवर अर्ध्यावर अडतो आणि दोष चॅनेलला दिला जातो.

हँडलचे स्क्रू वेगळ्या कुळातले, मशीनचे. आपल्याकडे बहुतेक एम ४, म्हणजे चार मिमी जाड आणि एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंत ०.७ मिमी. लांबीचं गणित सोपं : फळीची जाडी अधिक सहा-सात मिमी. अठराच्या दाराला पंचविसाचा. ड्रॉवरला पुढे दोन फळ्या असतील तर दोन्हींची बेरीज. आपले बरेच आप्त अमेरिकेतून घरचं सामान कंटेनरनं घेऊन परततात. तिथल्या हँडलांना ८-३२ मापाचे आटे असतात. जाडी ४.२, आट्यांतलं अंतर ०.७९. हातात घेतला तर एम ४ सारखाच, एक-दोन वळणं आतही जातो आणि मग अडतो. अडला की थांबायचं. पाना लावून रेटलात तर हँडलच्या आतले आटे जातात. पलंगाच्या बोल्टचीही तीच कथा, इथला एम ६ आणि तिथला पाव इंची हे एकमेकांच्या नटात चालत नाहीत.

पलंगाचा विषय निघालाच आहे तर : कडेच्या लांब फळीत आडवा, लहान दंडगोलासारखा नट असतो आणि डोक्याकडून बोल्ट येऊन त्यात शिरतो. बोल्ट लागत नसला तर नट फिरलेला असतो. नटाच्या तोंडावर जी चीर असते ती बहुधा त्याच्या आरपार भोकाची दिशा दाखवते. ती बोल्टच्या रेषेत आणा. बदली बोल्ट लांब पडला तर तो भोकाच्या तळाला टेकतो, हाताला वाटतं आवळला, पण सांध्यात फट तशीच राहते आणि पलंग करकरत राहतो. आखूड पडला तर दोनच आटे धरतात. नटात निदान बोल्टच्या जाडीइतकी लांबी शिरली पाहिजे.

खाचेबद्दल थोडक्यात, पण हे ऐकाच. आपण ज्याला सरसकट "स्टार" म्हणतो त्यात दोन प्रकार आहेत. फिलिप्सची खाच साधी फुली. पोझीड्राइव्हच्या फुलीमध्ये, दोन भुजांच्या मधोमध, चार बारीक रेघा कोरलेल्या दिसतात. युरोपीय फर्निचरमध्ये दुसरा प्रकार जास्त. फिलिप्सचा स्क्रू ड्रायव्हर पोझीड्राइव्हच्या खाचेत बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की वर उसळतो आणि खाच गोल करून ठेवतो. साडेतीन ते पाच मिमीच्या स्क्रूंना "पीझेड २" असं छापलेलं बिट लागतं. एकदा आणून ठेवा, स्क्रूंची निम्मी झिज त्यानंच थांबेल.

आता ज्या प्रश्नासाठी तुमच्यातले निम्मे लोक आले असावेत तो : भोकच गेलंय, स्क्रू नुसता फिरतोय, काय करायचं?

पहिल्यांदा बोर्ड ओल लागून फुगलाय का ते बघा. स्वयंपाकघरातली खालची फळी, बाथरूमजवळचं कपाट, मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला टेकलेली बाजू, या नेहमीच्या जागा. सुईसारखं काही तरी भोकाशेजारी टोचून बघा. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं आत गेलं तर स्क्रूची चर्चा तिथेच संपली. फुगलेल्या बोर्डाची पकड वाळल्यावर परत येत नाही. फळी बदला, किंवा सांधा चांगल्या जागी हलवा.

बोर्ड कोरडा आणि टणक असेल तर काम सोपं आहे. बिजागरीसारख्या हलक्या जागी काडेपेटीच्या दोन-तीन काड्या गूळ तोडून फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात ठोका, बाहेरचा भाग कापा, रात्रभर वाळू द्या आणि मग बारीक भोक पाडून स्क्रू घाला. हा उपाय जुना आहे, चांगला आहे, पण फक्त हलक्या जागी. जिथे वजन येतं तिथे लाकडी खुंटी वापरा. सैल भोक आठ मिमीच्या बिटानं साफ करायचं, आठ मिमीची खुंटी गोंद लावून आत ठोकायची, चोवीस तास थांबायचं, ती फळीच्या पातळीला कापायची आणि तिच्या मध्यावर नवं भोक : साडेतीनच्या स्क्रूला दोन ते अडीच मिमी, चारच्या स्क्रूला अडीच ते तीन. कन्फर्मॅटच्या जागी दहा मिमीची खुंटी आणि पाच मिमीचं भोक. बाराची खुंटी घेऊ नका, अठराच्या कडेत दोन्ही बाजूंना तीनतीनच मिमी उरतात. खुंटीत स्क्रू लाकडाच्या तंतूंच्या दिशेनं जातो, त्यामुळे ही पकड लाकडातली सर्वोत्तम पकड नव्हे. पण भुसा झालेल्या भोकापेक्षा कितीतरी बरी.

भोक फार मोठं झालेलं नाही, नुसतं ठिसूळ झालंय, अशा वेळी पातळ, पाण्यासारखा इन्स्टंट ग्लू भोकाच्या भिंतींना पाजतात. तो कपच्यांत शोषला जातो आणि भिंत कडक होते. खिडकी उघडी ठेवा, डोळ्यांना झोंबतो. पूर्ण सुकल्यावरच स्क्रू घाला, नाहीतर तो कायमचा तिथला रहिवासी होईल. आणि लॅमिनेटवर फेव्हिकॉल धरत नाही. गोंद लागायला उघडा बोर्ड हवा.

जुन्या चांगल्या भोकात स्क्रू परत घालताना एक युक्ती सगळ्या सुतारांना ठाऊक असते. स्क्रू भोकात ठेवून आधी हलकेच उलटा, म्हणजे काढायच्या दिशेनं फिरवा. एका जागी तो टक्कन खाली बसल्यासारखा जाणवतो. तिथे जुना आटा सुरू होतो. आता सुलटा फिरवा, तो त्याच वाटेनं जाईल आणि नवी वाट कापणार नाही. शेवटची दोन-तीन वळणं हातानंच. बॅटरीवरच्या मशीननं भोकं जातात ती याच शेवटच्या अर्ध्या सेकंदात.

काळ्या स्क्रूंबद्दल आमचं मत विचारलं जातं. ते जिप्सम बोर्डाचे. कडक पोलादाचे, बारीक, स्वस्त, टोकदार, आणि म्हणून प्रत्येक प्लंबर-इलेक्ट्रिशियनच्या डब्यात. त्यांचे आटे बोर्डात वाईट नाहीत, पण ते वाकत नाहीत, तुटतात. आडवा भार आला की डोकं उडतं आणि दांडा आत राहतो. दमट हवेत लवकर गंजतात. मागच्या पातळ फळीला चालतील. बिजागरी, कप्पे, पलंग यांना नको. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी स्टेनलेसचे घ्यावेत, मात्र ते कडक पोलादापेक्षा मऊ असतात, आधी भोक पाडल्याशिवाय पिळले तर त्यांची मान तुटू शकते.

एक स्क्रू असा आहे की तो खोक्यात बहुतेक वेळा येतच नाही, आणि त्याच्यावर जिवाची गोष्ट अवलंबून आहे. ड्रॉवरचं उंच कपाट भिंतीला बांधायचा स्क्रू. लहान मूल खालचे ड्रॉवर ओढून त्यांवर पायरीसारखं चढतं आणि कपाट पुढे कलंडतं. अमेरिकेत अशा घटनांत मुलं दगावली आणि २०१६ साली आयकियानं तिथे सुमारे २ कोटी ९० लाख ड्रॉवरची कपाटं परत बोलावली. खोक्यात पट्टी किंवा कंस दिलेला असतो, भिंतीचा स्क्रू नसतो, कारण भिंत कशाची आहे ते कारखान्याला माहीत नसतं. आपण ते कंस कंटाळून कचऱ्यात टाकतो. कृपा करून टाकू नका. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीला आठ मिमीचं भोक, आठची गिट्टी आणि पाच मिमीचा स्क्रू. आपल्याकडे प्लास्टरचा थर सव्वा ते दोन सेंटिमीटर सहज असतो, गिट्टी त्याच्या पलीकडे विटेत गेली पाहिजे, म्हणून स्क्रू निदान पन्नास मिमी लांब, त्यात कंसाची जाडी वेगळी धरा. नव्या इमारतींतल्या हलक्या, सच्छिद्र ब्लॉकच्या भिंतीला वेगळी गिट्टी मिळते, ती मागून घ्या आणि ड्रिलचा हातोडा बंद ठेवा. कंसाची दुसरी बाजू कपाटाच्या मागच्या तीन मिमीच्या फळीला लावून उपयोग नाही, ती कागदासारखी फाटेल. वरच्या किंवा बाजूच्या जाड फळीतच लावा, सोळा मिमीच्या आतल्या स्क्रूनं.

शेवटी सुट्या भागांविषयी. मोठ्या कंपन्यांच्या जोडणीच्या पुस्तिकेत प्रत्येक स्क्रूच्या चित्राशेजारी आकडा छापलेला असतो. आयकियाच्या पुस्तिकेतही तो असतो. पुस्तिका फेकली असली तरी कंपनीच्या साइटवर ती बहुधा मिळते. आकडा सांगितला की नेमका तोच भाग मागवता येतो, आणि मग वर सांगितलेलं मोजमाप करावंच लागत नाही. यापुढे कपाट सुटं कराल तेव्हा प्रत्येक सांध्याचे स्क्रू वेगळ्या पिशवीत घाला, कोणत्या सांध्याचे ते चिठ्ठीवर लिहा आणि पिशवी त्याच फळीच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीनं लावा.

आपापले नमुने घेऊन आलेल्यांनी आता पुढे यावं. कॅलिपर दोनच आहेत, तेव्हा रांग करा. ज्यांनी कॅमचे पिन आणले आहेत ते डावीकडे, बाकीचे उजवीकडे.